लहरींच्या यादीतली एक ओळ

ताईचं यंत्र मी रविवारी जेवणानंतर आणि चहाच्या आधी दुरुस्त करून देईन, असं मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो. सगळ्यांसमोर म्हणजे बायको, ताई स्वतः, आणि आमचं दार उघडं असल्यामुळे शेजारचे मेनस्विच काका. काका वीज खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले आहेत आणि आमच्या मजल्यावर त्यांना कुणी नावाने ओळखत नाही. माणसाने असं वाक्य बोलताना दार तरी लावून घ्यावं. मी घेतलं नाही, कारण मी संगणकाचे ड्रायव्हर, म्हणजे जोडलेल्या उपकरणांशी त्याला बोलायला शिकवणारे प्रोग्राम, लिहिणारा माणूस आहे, आणि गेल्या पंधरा वर्षांत घरच्या कुणाला माझ्या कामाची गरज पडण्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

ताई माझी थोरली बहीण. तिला जन्मापासून दिसत नाही. एका सरकारी छापखान्यात ती मुद्रितशोधक आहे, म्हणजे छापायला जाणाऱ्या मजकुरातल्या चुका शोधते. हे ती ज्या यंत्रावर करते ते कीबोर्डएवढं लांब आहे. त्यात एका ओळीत चाळीस खाने आहेत आणि प्रत्येक खान्यात बारीक टिंबं वर-खाली होतात. पडद्यावर जी ओळ असते तीच खान्यांत ब्रेलमध्ये उमटते आणि ताई बोटं फिरवून वाचते. बोलणारा संगणकही असतो, पण तो शब्द बोलतो आणि स्वल्पविराम गिळतो, आणि छापखान्यात सगळी भांडणं स्वल्पविरामावरूनच होतात. बावीस वर्षांत तिच्या बोटांखालून चूक सुटली नव्हती. मजकूर जुळवणारे जुळारी तिला चाळण म्हणायचे, आणि त्यात कौतुकापेक्षा वैतागच जास्त होता.

तर छापखान्याने नवे संगणक आणले, आणि नव्या संगणकांनी ताईच्या यंत्राला ओळख दाखवायला नकार दिला. संगणक कक्षाच्या प्रमुखांनी त्या रविवारनंतरच्या दुसऱ्या बुधवारपर्यंत मुदत दिली. त्या दिवशी ताईने नव्या संगणकावर काम करून दाखवायचं, नाहीतर तिला वाचनकामातून 'मोकळं' करून आवक-जावक विभागात पाकिटं चिकटवायला बसवायचं. त्या प्रमुखांनी हे अगदी सौम्य आवाजात सांगितलं म्हणे. वाईट बातम्या सौम्य आवाजात सांगणारी माणसं फार वरपर्यंत जातात.

आता थोडं माझ्या धंद्याविषयी. यूएसबीच्या भोकात काही खुपसलं की संगणक त्याला विचारतो, आपण कोण, काय करता, किती वीज खाता. उपकरणाने याची सरळ उत्तरं द्यायची असा हजार पानी नियम आहे. प्रत्यक्षात निम्मी उपकरणं खोटं बोलतात, काही गप्प बसतात, आणि काहींना नाव विचारलं की ती मान टाकतात. उपकरणावर ओरडून उपयोग नसतो. ते विकून कुणीतरी कधीच मोकळं झालेलं असतं. मग आपणच त्याच्या कलाने घ्यायचं. यासाठी संगणकाच्या पोटात एक लांबलचक यादी असते. आम्ही तिला लहरींची यादी म्हणतो. अमुक उपकरणाला अनुक्रमांक विचारू नये. तमुकाला जाग आल्यावर दम खाऊ द्यावा. अशी यादी प्रत्येक घरात असते, फक्त कुणी ती लिहून ठेवत नाही. आमच्या घरी सासरेबुवांना तब्येत विचारायची नाही, मेव्हण्याला उठल्यापासून तासभर उत्तराची अपेक्षा ठेवायची नाही, आणि माझ्याविषयी काय नोंद आहे ते मला कुणी सांगत नाही. या संगणकी यादीत माझी एक ओळ आहे. एका वजनकाट्यासाठी लिहिलेली. चौदा वर्षांपूर्वी.

रविवारी जेवून मी यंत्र जोडलं. पंधरा सेकंदांत ते अकरा वेळा आलं आणि अकरा वेळा गेलं. बाराव्या वेळी आलं ते कीबोर्ड म्हणून. त्याच संगणकावर बायकोने आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींना गच्चीवरच्या टाकीविषयी एक कडक पत्र लिहून ठेवलं होतं. मी वायर उपटेपर्यंत यंत्राने त्या पत्रात चारशे स्वल्पविराम घातले आणि ते पाठवूनही दिलं. सेक्रेटरींचं उत्तर दहा मिनिटांत आलं : "आपल्या भावना पोहोचल्या." टाकी मात्र अजून गळते आहे.

"अर्थिंग बघितलंस का?" मेनस्विच काका दारातून म्हणाले.

मी म्हटलं, "काका, याचा अर्थिंगशी संबंध नाही."

"सगळ्याचा अर्थिंगशी संबंध असतो. बरं, उलटं लावून बघ."

"ते उलटं लागत नाही."

"लागत नाही म्हणजे तू लावून बघितलंच नाहीस." असं म्हणून ते आत आले, भोकात फुंकर मारली, आणि घरून स्वतः तयार केलेली एक जाड वायर घेऊन आले. ही वायर त्यांच्याकडे तेवीस वर्षं निर्दोष चालली होती. आमच्याकडे ती दोन सेकंद चालली, आणि अख्ख्या मजल्याची वीज गेली. समोरच्या बिऱ्हाडात कुणाचे तरी केस अर्धे वाळवून झाले होते. मजल्यावर सगळे मला विचारत होते, मी काय केलं म्हणून. काका माझ्याच बाजूला उभे राहून, "करतोय बिचारा काहीतरी," असं म्हणत होते.

चहाची वेळ टळली. पुढचे तीन दिवस मी कचेरीतून आलो की यंत्रापुढे बसत होतो. बायको एकदा म्हणाली, "अहो, ताईंना समोर बसवा ना. वापरायचंय त्यांना, कळेल तरी काय होतंय ते."

"तिला यातलं तांत्रिक काय कळणार?" मी म्हणालो. हे मी इतक्या सहज म्हणालो की बायकोने फक्त माझ्याकडे बघितलं आणि ती कपड्यांच्या घड्या करत राहिली.

यंत्र बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती. जिवंत असताना तिने स्वतःचा ओळखक्रमांक काढण्याचेही कष्ट घेतले नव्हते. एका माउसवाल्या कंपनीचा क्रमांक उचलून वापरला होता. त्यामुळे मी पहिली दुरुस्ती केली तेव्हा संगणक आमच्या घरातल्या माउसकडेच टिंबांची मागणी करू लागला, आणि माउस भेदरून बंद पडला. दुसरा माउस आणला, तोही त्याच कंपनीचा निघाला. शेवटी चौथ्या दिवशी मला यंत्राची कळ सापडली. त्याला सगळी माहिती एका दमात मागायची नाही. आधी थोडी मागायची, थांबायचं, त्याला एकदा नव्याने सुरू करायचं आणि मग उरलेली मागायची. तसं केल्यावर ते गरीब गाईसारखं उत्तरं देऊ लागलं. मी पुढच्या ओळीचं बटण दाबलं. टिंबं सळसळत वर आली. पुन्हा दाबलं, पुन्हा आली. शुक्रवारपर्यंत मी ते बटण हजारदा तरी दाबलं असेल, आणि एकदाही टिंबं चुकली नाहीत.

चुकली नाहीत म्हणजे हलली. काय उमटलं ते मला कळत नव्हतं. मला ब्रेल येत नाही. ताईचा भाऊ होऊन मला अठ्ठेचाळीस वर्षं झाली, पण तशी वेळ कधी आली नाही. शाळेत माझे निबंध मी तिला वाचून दाखवायचो आणि ती चुका सांगायची. तिचे निबंध कधी माझ्याकडे आले नाहीत.

मी ही नवी ओळ यादीच्या रखवालदाराकडे पाठवली. यादीत कोणती ओळ घ्यायची ते ठरवणारा हा दूर कुठेतरी राहणारा गृहस्थ आहे आणि एक मोकळी जागा जास्त पडली तरी ओळ परत पाठवण्याबद्दल त्याची ख्याती आहे. त्याचं उत्तर एका शब्दाचं आलं : "घेतली." मी ते छापून फ्रीजवर लावलं. बायकोने त्याखाली दूधवाल्याचा निरोप लावला.

आता राहिली छापखान्याची परवानगी. परक्या उपकरणासाठी तिथे एक अर्ज असतो आणि त्यावर बनवणाऱ्या कंपनीची सही-शिक्का लागतो. मी संगणक कक्षाच्या प्रमुखांना सांगितलं, "कंपनी बुडाली आहे."

"कधी?"

"नऊ वर्षं झाली."

"मग बुडाल्याचा दाखला जोडा."

"तो कोण देणार?"

"कंपनी," प्रमुख म्हणाले, आणि मग स्वतःच थोडे विचारात पडले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी कपाटातून दुसरा कागद काढला. "असं करू. ड्रायव्हर तुम्ही लिहिलाय ना? मग तुम्हीच प्रमाणित करा. 'सदर उपकरण मी स्वतः तपासले असून त्यात अथवा त्याच्या ड्रायव्हरमध्ये कोणताही दोष नाही.' खाली सही."

आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्या सहीला शिक्क्याची किंमत देत होतं. मी खिशातलं चांगलं पेन काढलं आणि पूर्ण नावाने, खाली दोन टिंबं देऊन सही केली.

शनिवारी ताई घरी आली. यंत्रापुढे बसली, बोटं ठेवली, आणि तिचा चेहरा असा सुटला की मला खरंच भरून आलं. ती थोडा वेळ वाचत राहिली. मग म्हणाली, "थांबलं की पडतात रे."

"काय पडतात?"

"टिंबं. मी एखाद्या शब्दावर थांबले की सगळी खाली बसतात. बटण दाबलं की येतात परत, पण पानाच्या सुरुवातीपासून."

मी तीन दिवस बटण दाबलं होतं आणि असं एकदाही झालं नव्हतं. ते मी तिला सांगितलं. मग मी तिला आणखीही बरंच सांगितलं. यूएसबी म्हणजे काय, यादी म्हणजे काय, रखवालदार कोण, आणि त्याचं 'घेतली' हे उत्तर किती जणांच्या नशिबी येतं. ती ऐकत होती. खरं सांगायचं तर ती काय म्हणते आहे हे मला अर्धवट कळलं होतं. नवा संगणक रिकामं बसलेलं उपकरण काही सेकंदांनी झोपवतो, वीज वाचवायला. बटण दाबलं नाही तर त्याच्या हिशेबी कुणी काम करत नसतं. पण ओळ गेली होती, सही झाली होती, आणि आता रखवालदाराला पुन्हा पत्र लिहायचं म्हणजे पहिली ओळ अपुरी होती हे कबूल करायचं.

"तू थांबू नकोस," मी म्हणालो. "वाचत राहा. त्याला काही होत नाही."

"थांबू नको?"

"सवयीचा प्रश्न आहे गं. दोन दिवसांत होईल."

"बरं," ताई म्हणाली. स्वयंपाकघरातून बायकोने एक भांडं जरा जोरात ठेवलं.

बुधवारी अकरा वाजता छापखान्याच्या मोठ्या खोलीत आम्ही जमलो. प्रमुख होते, ताईच्या विभागाच्या बाई होत्या, दोन जुळारी दाराशी उभे होते. बारा चुका मुद्दाम पेरलेलं एक पान संगणकावर उघडलं होतं. ताईने निळी साडी नेसली होती आणि केसांना कधी नव्हे ते तेल लावलं होतं. मी यंत्राची वायर स्वतःच्या हाताने जोडली. टिंबं वर आली. प्रमुख वाकून बघत म्हणाले, "वा!"

ताई वाचू लागली. तिची बोटं इतकी भराभर जाताना मी कधी बघितली नव्हती. एक ओळ, बटण, पुढची ओळ, बटण. मध्येच ती "इथे पूर्णविराम" असं म्हणायची आणि बोटं पुढे पळत असायची. टिंबं एकदाही पडली नाहीत. मी हात मागे बांधून खोलीत नजर फिरवत होतो, कुणी माझ्याकडे बघतं आहे का म्हणून. नऊ मिनिटांत पान संपलं. तिच्या कपाळावर घाम आला होता. तिच्या विभागाच्या बाई म्हणाल्या, "एरवी तुम्ही पाऊण तास घेता," आणि मला ती स्तुती वाटली.

"यंत्राचा काही त्रास?" प्रमुखांनी ताईला विचारलं.

मी तिच्या शेजारीच उभा होतो. तिने चेहरा माझ्या बाजूला केला. "नाही," ती म्हणाली. "माझ्या भावाने केलंय."

अर्ध्या तासाने कागद हातात आला. मी तो तिला वाचून दाखवायला घेतला. पहिली ओळ होती : "उपकरण : समाधानकारक." आणि मी सांगतो ते खोटं नाही, मला आनंद झाला. चांगला पूर्ण एक श्वासभर झाला. मग दुसरी ओळ आली. "कर्मचारी : असमाधानकारक. बारापैकी पाच चुका आढळल्या. एक तारखेपासून आवक-जावक. हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवावे." प्रमुखांनी माझा हात हातात घेतला आणि आणखी काही यंत्रं आहेत, ती बघाल का, असं विचारलं. दाराशी उभे असलेले जुळारी निघून गेले. त्यांच्यापैकी एकाने डोळे पुसले असं मला वाटलं, पण त्यांच्या खोलीत शाईचा वास फार असतो.

रस्त्यावर आल्यावर मी चिडलो. माणूस अशा वेळी चिडतोच. "काय झालं काय तुला? सात चुका सुटल्या? तुझ्याकडून?"

ताई माझ्या कोपराला धरून चालत होती. "कळत होतं रे, काहीतरी खुपतंय ते," ती म्हणाली. "खुपलं की मी थांबते, मागे जाते, पुन्हा बघते, मग सापडते चूक. पळता पळता कशी सापडणार?"

"मग थांबायचंस!"

"थांबले असते तर सगळ्यांसमोर टिंबं पडली असती. तू सही केली होतीस ना."

बस आली. मी घरी आलो आणि ती दुसरी ओळ लिहिली : या उपकरणाला झोपवू नये. पाच मिनिटं लागली, त्यातली तीन मिनिटं संगणक सुरू व्हायला. रखवालदाराने तिलाही "घेतली" म्हटलं. हे उत्तर मी कुठे लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी प्रमुखांकडे गेलो. ते प्रशिक्षणाला गेले होते. सोमवारी भेटले. मी म्हटलं, "ड्रायव्हरमध्ये दोष होता. परीक्षा पुन्हा घ्या."

त्यांनी फाईल उघडली. "पण दोष नाही असं लिहिलंय."

"तेच चुकीचं आहे."

"कुणी लिहिलंय?"

"मी."

"मग तुमच्या म्हणण्याला ड्रायव्हर लिहिणाऱ्याचा दुजोरा लागेल," ते म्हणाले, आणि मी हेच माझं म्हणणं आहे असं सांगेपर्यंत त्यांनी दोष-सूचनेचा अर्ज पुढे केला. त्यात तीन रकाने होते. उपकरणाचा दोष, वायरचा दोष, कर्मचाऱ्याचा दोष. खाली सोबत सविस्तर निवेदन जोडावे, व्यवस्थित टंकलिखित, चुका नसाव्यात. चुका नसाव्यात हे ठळक अक्षरात होतं. मी निवेदन लिहायला बसलो आणि माझ्याच्याने ते होईना. हजार पानी नियम पाठ असलेल्या माणसाला एक पान लिहायला चार दिवस लागले. पाचपैकी चार मसुद्यांत त्या बुडालेल्या कंपनीलाच मी झोडपून काढलं होतं.

आठव्या दिवशी दुपारी ताई आमच्याकडे आली. मी तिला यंत्रापुढे बसवलं आणि निवेदन उघडलं. चुका बघून दे म्हटलं. ती सावकाश वाचू लागली. दुसऱ्या परिच्छेदात तिची बोटं थबकली. ती मागे गेली, पुढे आली, पुन्हा थबकली. मी घड्याळाकडे बघत होतो. दोन सेकंद गेले, दहा गेले, एक मिनिट गेलं. टिंबं जागच्या जागी उभी होती.

"इथे चूक आहे," ती म्हणाली. "'उपकरणातील दोषामुळे.' दोष उपकरणात नव्हता."

"मग काय लिहू?"

"तू लिही ना. मी वाचते."

मी कीबोर्ड माझ्याकडे ओढला. ते शब्द पुसले. लिहिलं, 'ड्रायव्हरमधील त्रुटीमुळे', आणि पुसलं. 'वेळेअभावी' लिहिलं, पुसलं. 'माझ्या नजरचुकीने' एवढं लिहून बराच वेळ तसंच ठेवलं आणि मग तेही पुसलं. मी लिहीत होतो ते प्रत्येक अक्षर तिच्या बोटांखाली वर येत होतं आणि पुसलं की खाली बसत होतं. मला कुठे काही लपवता येत नव्हतं. शेवटी मी लिहिलं, 'माझ्या बहिणीने मला आधीच सांगितले होते. मी ऐकले नाही.'

तिने ती ओळ एकदा वाचली. मग पुन्हा वाचली. मग बोटं न हलवता तशीच ठेवून ती बसून राहिली, इतका वेळ की बायको दारात येऊन उभी राहिली आणि आत न येताच परत गेली.

"आता बरोबर आहे," ताई म्हणाली. "छाप."

मुदत आदल्या दिवशी संध्याकाळी संपली होती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी छापलं.